मऊ सीट आणि दुखरी बैठक

मोटारसायकलवरून लांबचा प्रवास करणाऱ्या वाचकांची गेल्या दोन महिन्यांतील पत्रे एकत्र ठेवली, तेव्हा इंजिन, मायलेज आणि टायर यांपेक्षा अधिक पत्रे सीटविषयीची निघाली. त्यांतील पाच पत्रे निवडून, त्यांतला मजकूर थोडा संक्षिप्त करून, या वेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझ्याकडे रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे आणि वर्षातून तीन-चार वेळा मी पुण्याहून कोल्हापूरमार्गे गोव्याला जातो. कंपनीच्या सीटवर दीड तासानंतर बैठक दुखू लागते, म्हणून मित्राच्या सल्ल्याने बाजारातून जाड आणि अतिशय मऊ सीट घेतली. पहिला अर्धा तास सोफ्यावर बसल्यासारखे वाटले, पण सातारा येईपर्यंत दुखणे पूर्वीपेक्षाही वाढले. असे का व्हावे? आणि आता कोणती सीट घ्यावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची फसवणूक सीटने केली नसून पहिल्या अर्ध्या तासाने केली आहे. दुकानात उभ्या गाडीवर बसून अंगठ्याने दाबून पाहिलेली सीट जितकी मऊ, तितकी ती आपल्याला चांगली वाटते; परंतु लांबच्या प्रवासात मऊपणाचा संबंध आरामाशी फारसा उरत नाही. आपण बसतो तेव्हा शरीराच्या वरच्या भागाचा बहुतेक भार ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर येतो. ती हाडे तुम्हाला लाकडी पाटावर ताठ बसल्यावर सहज जाणवतील. सीटचे खरे काम त्या दोन टोकांवरचा भार आजूबाजूच्या मांसल भागावर आणि मांड्यांच्या वरच्या भागावर पसरवून देण्याचे आहे. फोम फारच मऊ असला, तर हाडे त्यात बुडत जाऊन थोड्याच वेळात खालच्या कडक बेसपर्यंत पोहोचतात, आणि मग तुम्ही जाड गादीवर बसलेले दिसत असलात, तरी प्रत्यक्षात पत्र्यावर बसलेले असता. शिवाय हाडे खोल रुतल्यामुळे बाजूचा फोम वर येऊन मधल्या नाजूक भागावर दाब देतो आणि जागा बदलणेही कठीण होते. दाबाखाली आलेल्या त्वचेचा आणि स्नायूंचा रक्तपुरवठा मंदावतो. ज्याला आपण ‘बैठक दुखणे’ म्हणतो, त्यातला मोठा वाटा याचाच असतो.

तुमची नवीन सीट या दोषाची आहे की नाही, हे पाहण्याचा एक सोपा उपाय सांगतो. गाडी मधल्या स्टँडवर लावा, दोन्ही हातांनी हँडल आणि मागची दांडी धरा, आणि सीटच्या बसण्याच्या जागी एक गुडघा टेकवून हळूहळू शरीराचा भार त्यावर सोडा. गुडघ्याला खालचा बेस लागला, तर तो फोम तुमच्या वजनासाठी निकामी आहे. मग वरचे कव्हर कितीही देखणे असो.

येथे फोमविषयीचा एक घोळ दूर केला पाहिजे. सोफा आणि गाद्यांच्या दुकानांत ‘बत्तीसची डेन्सिटी’, ‘चाळीसची डेन्सिटी’ असे बोलतात आणि ऐकणारा समजतो की आकडा मोठा म्हणजे फोम कडक. हा आकडा एक घनमीटर फोमचे वजन किती किलो, एवढेच सांगतो. त्यावरून फोम किती टिकेल आणि किती लवकर कायमचा दबून बसेल याचा अंदाज येतो. कडकपणा हा वेगळा गुण आहे आणि एकाच घनतेचा फोम कडकही मिळतो, मऊही मिळतो. तुम्हाला हवा तो घनता चांगली असलेला आणि हाताला सुरुवातीला थोडा कठीणच वाटणारा फोम, वरती हवे तर एक-दीड सेंटिमीटरचा मऊ थर. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कॉर्बिन ही जुनी कंपनी कडक सीटसाठीच ओळखली जाते आणि तिच्या सीटवर प्रथम बसणारा माणूस हमखास नाक मुरडतो. चोवीस तासांत १,६०० किलोमीटर जाणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारी तिथली संस्था तर स्वतःला ‘आयर्न बट’ म्हणजे ‘लोखंडी बूड’ असे म्हणवते. आपल्याकडचेही बरेच चालक ते प्रमाणपत्र मिळवतात, आणि त्यांच्यापैकी मला भेटलेल्यांत मऊ सीटचा आग्रह धरणारा एकही नव्हता.

कडकपणाइतकाच आकार महत्त्वाचा. आपल्या दोन बैठकीच्या हाडांतले अंतर घरीच मोजता येते : कडक स्टुलावर खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा ठेवून त्यावर पाय किंचित उचलून मिनिटभर बसा आणि उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजा. साधारणपणे ते १० ते १६ सेंटिमीटरच्या दरम्यान भरते. सीटचा सपाट भाग या अंतरापेक्षा पुरेसा रुंद हवा, जेणेकरून हाडे तर टेकतीलच, पण त्यांच्या बाहेरच्या मांसालाही आधार मिळेल. अनेक मूळ सीट मध्यभागी फुगीर आणि कडांना उतरत्या असतात, त्यामुळे रुंदी मोजायला भरपूर असली तरी उपयोगाला येत नाही. दुसरा दोष पुढे टाकीकडे उतरणाऱ्या सीटचा : प्रत्येक ब्रेकला आपण पुढे घसरतो, परत मागे सरकतो, आणि या ओढाताणीत मांड्यांच्या आतल्या बाजूला चट्टे उठतात. बसण्याची जागा जमिनीला समांतर, किंवा अगदी किंचित मागे कललेली असावी.

आता ‘कोणती सीट घ्यावी’ याचे उत्तर देण्यापूर्वी एक खर्च वाचवून पाहू. सध्याच्या क्लासिकच्या मागच्या शॉकअपचा ताण सहा टप्प्यांत बदलता येतो. पूर्वी दोघांसाठी वाढवलेला ताण एकट्याच्या प्रवासात तसाच राहिला असेल, तर प्रत्येक खड्डा सरळ पाठीच्या कण्यात जातो आणि दोष सीटच्या माथी येतो. तो तुमच्या वजनाप्रमाणे कमी करा, कंपनीची मूळ सीट परत लावा आणि जाड शिवणीची जीन्स टाळून एकदा कोल्हापूरपर्यंत जाऊन या. त्यानंतरही दुखले, तर रॉयल एनफिल्डच्याच ॲक्सेसरीजमध्ये मिळणारी टूरिंग सीट आधी पाहा, कारण ती तुमच्या गाडीच्या खिळ्यांना आणि कुलपाला नेमकी बसते. तीही न रुचल्यास मूळ बेसवर नवा फोम चढवून घेण्याचा मार्ग आहेच. त्याविषयी रत्नागिरीच्या वाचकांना दिलेले उत्तर वाचावे.

प्रश्न : माझी उंची पाच फूट एक इंच असून मी ४११ सीसीची हिमालयन चालवते. महामार्गावर काही अडचण नाही, परंतु घाटात थांबावे लागले की दोन्ही पायांची फक्त बोटे टेकतात. मेकॅनिक म्हणतो, सीटचा फोम वरून दोन इंच तासून टाकू. ते करावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वरून दोन इंच तासण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. तुमच्या हिमालयनच्या सीटची उंची ८०० मिलिमीटर आहे, आणि त्यातील फोमचा दोन इंचांचा थर काढून टाकला तर आधार देण्याजोगा फोम उरणारच नाही. पाय टेकतील, पण वर पुण्याच्या वाचकांना भेडसावणारे दुखणे तुमच्या वाट्याला पहिल्या तासातच येईल.

पाय जमिनीला पोहोचणे हे केवळ उंचीवर नसते, सीटच्या पुढच्या भागाच्या रुंदीवरही असते. थांबताना आपण पुढे सरकतो आणि पाय सीटच्या कडांवरून वळसा घेऊन खाली जातात, म्हणून त्या कडा जितक्या रुंद आणि चौकोनी, तितकी पायाची लांबी वाया जाते. तेव्हा टाकीला लागून असलेल्या पुढच्या भागाच्या दोन्ही कडा तिरप्या कापून निमुळत्या करून घ्याव्यात आणि बसण्याच्या जागेचा मागचा भाग होता तेवढाच रुंद ठेवावा. वरची जाडी कमी करायचीच झाली, तर ती एखाद-दीड सेंटिमीटरपलीकडे नको, आणि तेवढ्या जागी आधीपेक्षा चांगल्या घनतेचा फोम घालावा. स्त्रियांमध्ये बैठकीच्या हाडांतले अंतर सरासरीने अधिक असते, त्यामुळे मागचा भाग अरुंद करण्याची चूक तुमच्या बाबतीत अधिक जाचेल.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवावा. सीट खाली गेली की सीट आणि फूटरेस्ट यांतले अंतर कमी होऊन गुडघे जास्त दुमडतात. तुमच्या उंचीला त्याचा त्रास होण्याची शक्यता थोडी आहे. परंतु घरातली दुसरी उंच व्यक्ती हीच गाडी चालवत असेल, तर तिला दोन तासांनी गुडघ्यांची तक्रार सुरू होईल. अशा घरांनी कापाकापी न करता, मूळ सीट जपून ठेवून, वेगळी दुसरी सीट करून घेतलेली बरी. काम सुरू होण्याआधी मेकॅनिकला नव्हे, सीटवाल्याला गाठा, आणि कापायच्या रेषा तुम्ही गाडीवर बसलेल्या असताना खडूने आखून घ्या.

प्रश्न : आम्ही दोघे सोलापूरहून तुळजापूर, पंढरपूर, कधी हैदराबाद असा प्रवास डॉमिनार ४०० वरून करतो. गाडी यजमान चालवतात, आणि त्यांनी स्वतःसाठी मोठी खोलगट सीट बसवून घेतली आहे. त्यांचे कौतुक सर्व जण करतात. मागे बसून माझी कंबर मात्र मोडते, आणि मी सारखी त्यांच्यावर घसरते. यावर काही उपाय आहे का, की मी घरीच थांबावे?
– एक वाचिका, सोलापूर

उत्तर : ताई, घरी थांबण्याची काही गरज नाही, गरज असेल तर यजमानांनी हे उत्तर मोठ्याने वाचण्याची आहे. चालकाची सीट खोल आणि मागची उंच केली की दोहोंमध्ये पायरी तयार होते. ती चालकाच्या कमरेला टेकण मिळवून देते, म्हणून त्याला आवडते. पण त्याच वेळी मागे बसणाऱ्याची जागा आखूड होते, पुढे उतरती होते, आणि तिला प्रत्येक ब्रेकला स्वतःला सावरून धरावे लागते. ते सावरण्याचे काम तुमची कंबर करते. चालकाकडे हँडल आहे, समोरचा खड्डा त्याला आधी दिसतो आणि तो फूटरेस्टवर किंचित उठूनही घेतो. मागे बसणाऱ्याकडे यांतले काहीच नसते. म्हणून मला विचाराल तर दोघांच्या गाडीवर चांगल्या फोमचा पहिला हक्क मागच्या सीटचा.

करण्यासारखे असे : मागची सीट पूर्ण सपाट करून घ्या, तिच्या पुढच्या टोकाला फोमची बोटभर जाडीची चढण ठेवा म्हणजे घसरणे थांबेल, आणि कव्हरचे कापड गुळगुळीत नव्हे तर खरबरीत निवडा. पाठीमागे सामानाची पेटी असेल तर तिच्या पुढच्या अंगाला पाठ टेकण्याची गादी लावता येते. मात्र तिच्यावर पूर्ण भार टाकून रेलू नये, कारण पेटीचा स्टँड त्या ओझ्यासाठी बनलेला नसतो. फूटरेस्ट फार उंच वाटत असतील तर सीटची उंची दोन सेंटिमीटर वाढवल्याने मांड्यांना आधार मिळतो आणि गुडघे मोकळे होतात.

एक कायद्याची बाजूही येथेच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२८ प्रमाणे चालकाखेरीज एकाच व्यक्तीला, आणि तिलाही चालकाच्या मागे पक्क्या बसवलेल्या योग्य सीटवरच, नेता येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ मागे बसणाऱ्यासाठी धरायला कायमची मूठ, पाय ठेवायची सोय आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, म्हणजे आपला साडीगार्ड, मागतो. नवी सीट देखणी दिसावी म्हणून सीटवरचा पट्टा काढणे किंवा मागची दांडी उतरवणे हे प्रकार सर्रास होतात. ते तुमच्या गाडीत झाले असतील तर आधी पूर्ववत करून घ्यावेत. यजमानांनी एकदा स्वतः तुळजापूरपर्यंत मागे बसून पाहिले, तर पुढच्या चर्चेला फार वेळ लागणार नाही.

प्रश्न : परदेशी बनावटीची सीट माझ्या आवाक्याबाहेर आहे. आमच्याकडचा सीटवाला मूळ बेसवरच नवी गादी चढवून देतो आणि पैसेही बेताचे घेतो. त्याच्याकडून काम करून घ्यावे का? घेतल्यास काय पाहावे? कोकणातला पाऊस ध्यानात घेऊन सांगावे.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अवश्य करून घ्यावे, आणि मी तर म्हणेन की बहुतेकांसाठी हाच मार्ग योग्य. दूरवरच्या कारखान्यात बनलेली सीट एका सरासरी माणसासाठी कापलेली असते; गावातला सीटवाला तुम्हाला प्रत्यक्ष गाडीवर बसवून, पाहून, उठवून, पुन्हा कापून देऊ शकतो. अट एवढीच, की काम चालू असताना तुम्ही तिथे थांबायला हवे आणि त्याने कंटाळा करता कामा नये. कव्हर चढवण्याआधी उघड्या फोमवर किमान वीस मिनिटे, नेहमीच्या पँटमध्ये, हँडल धरून बसा. कव्हर एकदा ठोकले की कोणी ते आनंदाने उसकत नाही.

फोमच्या बाबतीत, कापलेल्या तुकड्यांचा भुगा चिकटवून केलेला रिबॉन्डेड फोम पूर्ण जाडीसाठी वापरू देऊ नका. तो दगडासारखा असतो आणि त्याला लवचिकपणा कमी. मात्र तळाला पातळ थर म्हणून तो उत्तम, कारण वरच्या फोमला बेसपर्यंत दबू देत नाही. वर सांगितल्याप्रमाणे मधे चांगल्या घनतेचा फोम आणि वरती पातळ मऊ थर, अशी रचना सांगा. थर चिकटवताना मधल्या सांध्याची कड हाताला लागू नये. ती आज बोटाला लागली, तर उद्या मांडीला लागणारच.

आता पाऊस. सीटचा फोम स्पंजासारखा असतो. पाणी आत शिरले की दिवसेंदिवस बाहेर पडत नाही आणि ऊन पडले तरी तुम्ही बसलात की पँट ओली होते. हे मी सांगोवांगी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी मी चौकटी-चौकटींची, बारीक टाक्यांची एक सुंदर सीट करून घेतली आणि जुलैत आंबोलीला गेलो. त्या नक्षीतल्या प्रत्येक टाक्याने एकेक थेंब आत घेतला आणि परतीच्या दोन दिवसांत मी ओल्या पोतेऱ्यावर बसून आलो. तेव्हापासून माझा नियम असा, की बसण्याच्या जागेवर एकही शिवण नको. शिवण फक्त कडांना, शक्यतो उभ्या बाजूवर, आणि तीही आतून पट्टी चिकटवून बंद केलेली. फोम आणि कव्हर यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिकचा कागद घालण्याची पद्धत आहे. ती चालते, पण कागद चुरचुरतो आणि फाटला की आतच पाणी साठवून ठेवतो, म्हणून बेसला पाणी निघून जायला दोन छिद्रे आहेत का ते पाहावे. स्टेपल साध्या लोखंडाच्या असल्या तर खाऱ्या हवेत त्या वर्षा-दोन वर्षांत गंजून कव्हर सुटते; स्टेनलेस स्टीलच्या मागून घ्या. अस्सल चामड्याचा मोह कोकणात टाळावा, कारण पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. चांगल्या प्रतीचे रेक्झिन पुरते. रंग शक्यतो काळा नको. उन्हात लावलेल्या काळ्या सीटवर बसण्याचा अनुभव कोणालाच समजावून सांगावा लागत नाही.

काम झाल्यावर सीट गाडीवर चढवून कुलूप नीट लागते का, आणि खालचे रबरी ठोकळे जागेवर आहेत का, हे तपासा. ते ठोकळे कामाच्या गडबडीत हरवतात आणि मग सगळा भार कुलपाच्या खिळ्यावर येतो. नव्या फोमला अंगाची सवय होऊन तो जागी बसायला काही शेकडो किलोमीटर लागतात, तेव्हा पहिल्याच दिवशी निकाल देऊ नका; पण हजारएक किलोमीटरनंतरही त्याच जागी दुखत असेल, तर ती सवय नव्हे, आकाराची चूक आहे, आणि सीटवाल्याकडे परत जायला संकोच करू नये.

प्रश्न : जूनमध्ये आम्ही पाच मित्र नागपूरहून लडाखला जाणार आहोत. सीट बदलायला वेळ नाही. वर बांधायची जेलची, मेमरी फोमची किंवा हवा भरलेली गादी, यांपैकी काय घ्यावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : जेल उष्णता धरून ठेवते, आणि तुमचा पहिला टप्पाच विदर्भातला आहे, दुपारी चहाला थांबून परत आलात की ती गादी तव्यासारखी लागेल. मेमरी फोम तापमानाप्रमाणे बदलतो : उन्हात फार मऊ होऊन दबतो, आणि खिंडीतल्या थंडीत लाकडासारखा ताठरतो. या प्रवासात दोन्ही टोकांचे तापमान भेटणार असल्याने मी दोन्हींना नकार देईन. हवेच्या छोट्या-छोट्या कप्प्यांची गादी घ्या. एका कप्प्यातली हवा शेजारच्या कप्प्यात सरकत असल्याने भार आपोआप समान पसरतो. याच कल्पनेच्या गाद्या व्हीलचेअरवर दिवसभर बसणाऱ्या रुग्णांना दाबाच्या जखमा होऊ नयेत म्हणून वापरल्या जातात.

ती फुगवताना मात्र सर्व जण चूक करतात. टम्म फुगवलेल्या गादीवर माणूस चेंडूवर बसल्यासारखा डोलतो आणि वळणावर गाडीचा अंदाज चुकतो. ती भरपूर फुगवा, गाडीवर बसा, आणि झडप उघडून हवा सोडत राहा. हाडे सीटपासून जेमतेम बोटभर वर तरंगत असल्याचे जाणवले की झडप बंद करा. पट्टे सीटखालून आवळून घ्या, गादी आडवी सरकता कामा नये. लडाखमधली खारदुंगला ही खिंड सुमारे ५,३५९ मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच असतो. त्यामुळे मनालीत बेताची भरलेली गादी वर चढता-चढता आपोआप टम्म होते. प्रत्येक मोठ्या खिंडीच्या अलीकडे थोडी हवा सोडा आणि खाली उतरल्यावर तोंडाने दोन फुंकरी परत भरा. फुंकर उतरल्यावरच, लेहमध्ये किंवा नुब्राच्या खोऱ्यात मारावी. खिंडीत थांबून नव्हे, कारण तिथे आधीच धाप लागलेली असते.